धुऱ्यावरची अंबाडी

लग्न होऊन मी सासरी आली तवा सासूनं मले तीन गोष्टी बजावल्या. चुलीले पाय लावू नको, सासऱ्यापुढं दात काढू नको, आन् नवऱ्याचं, म्हणजे भगवंताचं, धोतर सोडाखारात धुऊ नको, अंबाडीच्या पाण्यात धू. पहिल्या दोन मी आठ दिवसांत मोडल्या. तिसरी मात्र दहा वर्षं पाळली, कारण तो मले कुळाचार वाटला.

तुमी म्हणाल, धुण्याचा कसला आला कुळाचार? पण बापा, कोणाच्या घरी भोपळा चालत नाही, कोणाच्या घरी शनिवारी झाडू आणत नाहीत. मंग एखाद्या कुळाले खार चालत नसन तर त्यात नवल काय? शेजारच्या मैनाबाईनं एकदा इचारलं, "काहून वं शकुन, धोतराले अंबाडी काहून?" मी ठसक्यात सांगतलं, "आमच्या देवाचं हाय." मैनाबाई पडली भाविक. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरचीही धोतरं अंबाडीत. दिवाळी येता येता अर्धी गल्ली अंबाडीत धुऊन राहिली होती आन् नदीवर आंबट वास सुटला होता. सासू हे सारं पाहे, तोंडाले पदर लावे आन् घरात पळे. मले वाटे, भक्तीनं तिचा कंठ दाटून आला.

ही सासू म्हणजे माही सख्खी आत्या, पार्वताबाई. लग्नाआधी मी तिले 'तू' म्हणे, लग्नानंतर 'तुमी' म्हणा लागे, बाकी शिव्या त्याच. भांडणात तिची मोठी पंचाईत होई. "तुह्या माहेरचं वळणच असं!" म्हणून ती जोरात सुरू करे, आन् मधातच तिच्या ध्यानात येई की ते माहेर तिचंही हाय.

सासरे पुंजाराम माळी. त्यायले मी मामाजी म्हणे. बाळापूरच्या अलीकडं, नदीकाठी त्यायचा मळा. वांगी, मेथी, झेंडू. मामाजी दिवसातून दहा शब्द बोलत, त्यातले आठ बैलाशी. उरलेला वेळ तंबाखू-चुना चोळत बसत. अंबाडीची भाजी ताटात दिसली की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करत. आन् हाच माणूस दर मिरगाले पयले धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, अंबाडीचं तास पेरे, मंग वांग्याकडं वळे. उन्हाळ्यातही विहिरीजवळ दोन वाफे अंबाडीचे. मी इचारलं तर म्हणत, "दोरासाठी." दोर मात्र बाळापूरच्या बाजारातून इकत आणत. म्हटलं असन काही, म्हाताऱ्या माणसाची खोड.

आता भगवंत, माहा नवरा. त्याच्या हातानं वाळकी काडी रोवली तरी फुटावी, असा हात. लहानपणी एकदा बापाच्या खांद्यावर बसून त्यानं अमरावतीची सरकारी बाग पाहिली होती. तवापासून त्याच्या डोक्यात तीच बाग. मले लग्नाच्या पहिल्या रात्री त्यानं काय सांगतलं असन? तिथल्या गुलाबायची नावं. मी ऐकता ऐकता झोपून गेली.

त्याच बागेत हेड माळ्याची जागा निघाली. राज्य तवा गोऱ्या साहेबाचं, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. अकरा जणांले संत्र्याच्या रोपावर कलमाचे दहा दहा डोळे भराले लावले. महिन्यानं पाहिलं तर भगवंताचे दहाच्या दहा डोळे लागलेले. साहेबानं पाठ थोपटली. आता फक्त अकोल्याले डॉक्टरी तपासणी, की चिठ्ठी हातात.

तपासणीत कंपाउंडरनं त्याची लघवी एका निळ्या औषधात उकळली. निळं होतं ते पिवळं-तांबडं झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टर साहेबानं पाहिलं न पाहिलं आन् कागदावर लिहिलं: मधुमेह, नोकरीस अपात्र. महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येईल. तवाही साखर निघाली तर जागा दुसऱ्या नंबरच्या माणसाले.

भगवंत घरी आला तो सरळ मळ्यात गेला. वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसला. मले रडू आलं, पण मी रडणारी बाई नाही. मी कमरेले पदर खोचला आन् त्याची साखर काढाले बसली. गूळ बंद, भात बंद, चहा कोरा. सकाळी कडुलिंबाचा रस, दुपारी कारलं, रात्री मेथी. मधात पोळा आला. सारं गाव पुरणपोळी खाऊन राहिलं आन् भगवंतापुढं कारलं. बाहेर मामाजी बैलाले पुरणपोळी चारत होते. भगवंत म्हणे, "बैलाले पुरण आन् मले कारलं! पुढच्या जन्मी तुह्या दारी बैल होतो वं शकुन."

"आता काय वेगळा हाय?" मी म्हटलं. पण आत जाऊन मी माही पोळी कुत्र्याले टाकली.

मैनाबाईनं अक्कल शिकवली. म्हणे, "साखर असन तर मुंग्या लागतीन. डॉक्टर चुकन, मुंगी नाही चुकत." पटलं मले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राखेनं घासलेलं टमरेल भगवंताच्या हाती देलं. तो लाजला, बडबडला, पण भरून आणलं. ते मी मुंग्यायच्या बिळापाशी ठेवलं आन् बाजूले गुळाचा खडा ठेवला. मुंग्यायनं गुळावर जत्रा भरवली. टमरेलाकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नाही. मी आनंदानं टाळ्या पिटल्या आन् त्या नादात टमरेल तिथंच इसरून मळ्यात गेली.

दिवस मावळता परत आली, पाहते तर टमरेलात शाई! दौतीत असते तशी काळीकुट्ट. मी बोंब ठोकली. आत्या धावत आली, तिनं पाहिलं आन् माह्या तोंडावर हात दाबला.

"चूप! जन्मापासून असंच हाय त्याचं. लंगोट काळे पडत. अंबाडीत धुतले की पडत नाहीत."

"म्हणजे देवाचं काही नाही?"

"कसला देव वं, मूर्खे!"

"आन् ती अर्धी गल्ली?"

"धुऊ दे. धोतरं चांगली निघून राहिली त्यायची." मंग तिनं माहा दंड धरला. "कोणाले सांगशीन तर माहं मेलेलं तोंड पाहशीन. काळं पाणी म्हणजे करणी म्हणतीन, कुळाले डाग म्हणतीन. तुह्या मामाजीले तर बिलकुल नाही. चाळीस वर्षं झाली, मी त्यायले पत्ता लागू देला नाही."

मी मान हालवली. पण माणसानं गप्प बसावं म्हटलं तरी डोकं गप्प बसत नाही. भगवंत तीस वर्षांचा. मंग आधीची दहा वर्षं आत्या कोणाचं काळं पाणी लपवून राहिली होती?

आठवड्यातून दोनदा मी मोटारीनं अकोल्याले फुलं घेऊन जाय. तिथं केशवराव डॉक्टरायच्या घरी आपला हार ठरलेला. तरणा माणूस, मुंबईहून शिकून नुकताच आलेला. शपथ घातलेली मले ध्यानात होती, पण शपथ होती 'सांगू नको' अशी, 'दाखवू नको' अशी नाही. मी झेंडूच्या टोपलीखालून बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टर पाहतच राहिला. मंग उठला आन् अक्षरशः नाचला. "अगं, ऐकलंस का? इकडे ये, इकडे ये! हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं!" त्याची बायको कौतुकानं आली, बाटलीत काय हाय ते समजलं तशी नाकाले पदर लावून परत गेली.

डॉक्टरनं मले समजावून सांगतलं. ही साखर नव्हे. आपण खातो त्यातला एक अंश या माणसाच्या शरीरात पुरता पचत नाही, तसाच बाहेर पडतो. हवा लागली की काळा होतो, खार लागला तर लगेच होतो, आंबट लागलं तर थांबतो. साखरेचं निळं औषध त्याच्यामुळे फसतं. "उतारवयात डोळ्याच्या पांढऱ्यावर काळा डाग येईल, कंबर, गुडघे धरतील. बाकी माणूस ठणठणीत. बाई, कारलं बंद करा."

मंग त्यानं इचारलं, "लग्न नात्यातलं का?"

"सख्ख्या आत्याच्या घरी देली मले."

"आणि सासूसासरे?"

"मामाजीनंही मामाचीच पोरगी केली."

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. म्हणे, हे रक्तातून येतं, नात्यात नातं केलं की हमखास वर निघतं. "पण मी पडलो नवखा. मोठा साहेब माझ्या एकट्याच्या शब्दावर लिहिलेलं खोडणार नाही. घरात आणखी एकात सापडलं तर तो आनुवंशिक म्हणून मानेल. घरातली सगळी मोठी माणसं घेऊन या. फेरतपासणी कधी आहे?"

"पाच दिवस राहिले."

घरी येऊन मी तिघायपुढं सांगतलं. आत्यानं माह्याकडं असं पाहिलं की चुलीतलं लाकूड इझावं. मी म्हटलं, "मी काही बोलली नाही, बाटली बोलली." भगवंत खाली पाहत होता. म्हणे, "माय, राहू दे. नाही जात मी अमरावतीले." हे त्यानं अगदी हळू म्हटलं. मामाजीनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आन् दिवसाचा अकरावा शब्द काढला, "चला."

आत्या म्हणे, "चला की. मले काय भेव?" इतक्या सहज हो म्हणाली, तिथंच मले शंका आली.

डॉक्टरच्या ओसरीवर चार सारख्या बाटल्या ठेवल्या. आमच्यात वाचता कोणाले येते? म्हणून मी प्रत्येक बाटलीच्या गळ्याले दोऱ्यानं फूल बांधलं. भगवंताले झेंडू, मामाजीले जास्वंद, आत्याले तगर. मले कण्हेर, ते आत्यानंच सुचवलं, इखारी असते म्हणून. एकेक जण मागच्या न्हाणीत जाऊन आला. आत्यानं जाताना कमरेची थैली संग नेली. मी फटीतून पाहिलं. अहो, अर्धं लिंबू पिळून राहिली होती बाई बाटलीत!

चारी बाटल्या उन्हात मांडल्या. डॉक्टर घड्याळ घेऊन खुर्चीवर. झेंडूची बाटली वरून काळी पडत पडत खाली उतरली. डॉक्टर हात चोळून राहिला. पण बाकी तिन्ही जशाच्या तशा. एक घटका गेली, दोन गेल्या. तगर तर माह्या कण्हेरीहूनही गोरी. डॉक्टरचा चेहरा पडला. "काय करावं? शेवटी एकदा खार घालून पाहतो," म्हणून तो आत औषध आणाले गेला.

आत्या खांबाले टेकून बसली होती. खार म्हटल्याबरोबर तिचा रंगच उडाला. चाळीस वर्षांचं झाकलेलं आता नवऱ्यापुढं उघडं होणार. तिचे ओठ हालत होते, पण देवाचं नाव निघत नव्हतं. मले तिची दया आली, खरंच आली. आन् समोर भगवंत बसला होता, त्या तीन बाटल्यायकडं पाहत, जसा माणूस न लागलेल्या डोळ्याकडं पाहतो. खार पडला तर आत्या मरते, डॉक्टरले थांबवू तर हा. एवढ्या वर्षांत पयल्यांदा माहं तोंड बंद पडलं.

तेवढ्यात मामाजी उठले. चुन्याची डबी हातात, तंबाखू चोळता चोळता बाटल्यायपाशी गेले आन् आमच्याकडं पाठ करून वाकले, म्हाताऱ्याले दिसत नाही तसे. माही जागा खांबाच्या बाजूले होती, म्हणून मलेच दिसलं. नखभर चुना तगरीच्या बाटलीत गेला. मंग त्यायनं तगर काढून आपल्या बाटलीले बांधली आन् आपलं जास्वंद तिच्या बाटलीले. गाठ माळ्याची, फूल हाललं नाही. येऊन जागेवर बसले, चिमूट तोंडात टाकली.

डॉक्टर बाहेर आला तोवर जास्वंदाची बाटली काळी झाली होती.

"ही कोणाची?"

"माही," मामाजी म्हणे.

आत्यानं त्यायच्याकडं पाहिलं.

डॉक्टरनं बाटली उचलली, उजेडात धरली. बुडाशी लिंबाची बी पडलेली. त्यानं बी पाहिली. मामाजीच्या नखाचा पांढरा चुना पाहिला. मंग आत्याच्या डोळ्यातला तो पांढऱ्यावरचा काळपट ठिपका पाहिला, जो आमी नजर लागल्याचा समजत होतो. डॉक्टर मिशीत हसला, खुर्चीवर बसला आन् लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, "...आईवडिलांपैकी एकाच्या ठायी हाच दोष आढळला." मंग मान वर केली. "खोटं काही लिहिलं का मी, बाबा?"

"नाही जी," मामाजी म्हणे.

कागद घेऊन डॉक्टर स्वतः भगवंतासंग साहेबाकडं गेला. साहेब आधी तडकला, मंग बाटल्या पाहून चकित झाला, मंग त्यानं जुना शेरा खोडला. भगवंत अमरावतीचा हेड माळी झाला. बाहेर येऊन तो सरळ हलवायाच्या दुकानात शिरला आन् जिलबीच्या कढईपुढं उभा राहिला. महिन्याचा उपास होता, मी म्हटलं, खाऊ दे.

मोटारीले वेळ होता. आमी तिघं कडुलिंबाखाली बसलो. मी थोडी दूर सरकली, पण कान तिथंच ठेवले.

आत्यानं दोन डाव खाकरलं. "कवापासून माहीत हाय तुमाले?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

"कोणं सांगतलं?"

"कोण सांगीन? तू तापानं फणफणली होती, शुद्ध नव्हती तुले. तुहं लुगडं खराब झालं. मी पहाटे विहिरीवर नेलं आन् सोडाखारात धुतलं. सारं काळं झालं. मंग नदीत सोडून देलं आन् तसंच दुसरं आणून ठेवलं."

आत्या आ वासून पाहत राहिली. "तुमी माहं लुगडं धुतलं?"

"हळू बोल," मामाजी इकडंतिकडं पाहून म्हणे. त्यायचे कान लाल झाले होते. "तुहं काळं पाणी काय मोठं? नवऱ्यानं बायकोचं लुगडं धुतलं हे गावाले समजलं असतं तर माही बोंब झाली असती."

"मंग इतकी वर्षं बोलले काहून नाही?"

"तू लपवून राहिली होती. मंग मी काहून उघडू?" मामाजी थांबले. इतकं ते जन्मात बोलले नव्हते. "ताप उतरला तशी तू गावभर अंबाडी मागत फिरे. लोक इचारतीन म्हणून मी धुऱ्यावर पेरून देली."

आत्यानं पदर तोंडाले लावला. भक्तीनं नाही, आता मले समजत होतं. ती आधी हसली, मंग रडली, मंग दोन्ही एकदम करू लागली.

"आन् ती भाजी?" ती म्हणे. "तुमी एवढी पेरता म्हणजे तुमाले आवडते, म्हणून चाळीस वर्षं मी दर आठ दिवसाले करून राहिली."

"मले?" मामाजीनं एरंडेलाचं तोंड केलं. "मले अंबाडी कधीच आवडली नाही."